धुरपदाबाईचा गडी

सुरतेतल्या उधन्याच्या त्या गल्लीत पॉवरलूमच्या खडखडाटावरून जाणारा एकच आवाज होता, आणि तो धुरपदाबाई सुरवाडेचा होता. लूम दिवसभर चालायचे. शेजारणी एकमेकींशी निम्मं हातवाऱ्यांनी बोलायच्या. धुरपदाबाईला हातवाऱ्यांची गरज कधी पडली नाही. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती सुरतेला आली. नवरा काशीराम पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये लागला आणि ही घरी बसून साड्यांचे धागे कापू लागली. व्यापाऱ्याकडून गठ्ठा यायचा. भरतकामाच्या मागून लोंबणारे धागे कात्रीने उडवायचे, घडी घालायची, गठ्ठा परत द्यायचा. हात कात्रीवर आणि तोंड गल्लीवर. काशीराम जितका मुका, तितकी ही बोलकी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा सगळा कारभार. पण पोटात काळंबेरं नसायचं, म्हणून तिचं बोलणं कुणी मनावर घेत नसे. पुढे एकाने मनावर घेतलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

तिच्या मुलीचं नाव विशाखा. हे नाव शाळेत आणि विहारातल्या बायकांच्या तोंडी. धुरपदाबाईच्या तोंडी मात्र ‘गडी’. त्यालाही कारण होतं. लहानपणी धुरपदाबाई स्वतः बोरी नदीच्या कोरड्या वाळूत हुतूतू खेळायची आणि बरी खेळायची. मग एके दिवशी साडी नेसवली आणि खेळ बंद झाला. कुणी रागावलं नाही, कुणी समजावलं नाही. नुसती साडी नेसवली. तेवढ्यावर ती बाई आयुष्यभर चुटपुटत राहिली. तेव्हा महापालिकेच्या मराठी शाळेतल्या अपर्णा मॅडमनी विशाखाला कबड्डीत घेतलं, त्या दिवशी धुरपदाबाईने गल्लीत पेढे वाटले आणि आपल्या अहिराणीत बजावून सांगितलं, "मना घरना गडी शे ती आते." माझ्या घरचा गडी आहे ती आता.

आता कबड्डीत खेळणारा प्रत्येक जण गडीच. सात गडी आत, बाकीचे बाहेर. मुलींचा सामना असला तरी पंच ‘गडी बाद’ म्हणतो, ‘गडीण बाद’ म्हणत नाही. धुरपदाबाईच्या लेखी त्या शब्दाचा एवढाच अर्थ होता. गडी म्हणजे पुरुषमाणूसही, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मैदानावरचा गडी वेगळा आणि घराबाहेर पायरीवर विडी ओढणारा गडी वेगळा, हे कुणाला समजावून सांगायची वेळ येईल, असं तिला कधी वाटलं नाही.

विशाखा डाव्या कोपऱ्यावर खेळायची. तिच्या शेजारी जागृती अहिरे. चढाई करणारी आत शिरली की या दोघी हातात हात घट्ट धरून तिच्याभोवती फिरायच्या, याला साखळी म्हणतात. या दोघींची साखळी सहसा तुटायची नाही. सराव संपवून आल्या की जागृती थेट सुरवाड्यांकडे. एका ताटात दोघींचं जेवण आणि एकाच गोधडीखाली दोघींच्या गप्पा. जागृतीचा बाप रेल्वेत होता, घर उधना स्टेशनकडे, पण पोर सगळा वेळ इकडेच. तिला कळण्याची भाकरी आवडते म्हणून धुरपदाबाई ती मुद्दाम करायची.

त्या दोघींच्यात काय होतं ते त्या दोघींना माहीत. धुरपदाबाईला काहीच कळत नव्हतं असंही म्हणता येणार नाही. आई होती ती. जागृती चार दिवस आली नाही की विशाखाचं जेवण अर्धं व्हायचं, हे तिने पाहिलं होतं. एकदा दुपारी धागे कापताना मान वर केली, तर जागृती विशाखाच्या गुडघ्याला तेल लावत होती आणि दोघी एक शब्द बोलत नव्हत्या. धुरपदाबाईने पाहिलं आणि पुन्हा कात्री चालवायला घेतली. त्या गोष्टीला नाव नव्हतं, तोवर तिला त्यात काही खटकलं नाही.

मैदानावर मात्र सगळं गोड नव्हतं. कबड्डी संघटनेची एकच मॅट होती. सकाळ-संध्याकाळ ती मुलांना, आणि मुलींना भर दुपारी, मॅट तव्यासारखी तापल्यावर. चड्डी घालून खेळतात म्हणून कुंपणापलीकडे टोळकी उभी राहायची. विशाखाने केस कापले, तर शेजारच्या कविताने विचारलं, "आता हिला नवरा शोधणार की नवरी?" धुरपदाबाईने कविताची अशी काही जिरवली की ती महिनाभर नळावर आली नाही. एका स्पर्धेत मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही संघ जिंकले. मुलांना ट्रॅकसूट मिळाले. मुलींना साड्या. बक्षीस देणारा साडीचा व्यापारी होता हे मान्य, पण खेळणाऱ्या पोरींना साडी देताना त्याच्या किंवा संघटनेच्या मनात काहीच आलं नाही? वर फोटोसाठी त्या साड्या नेसून या असं फर्मान. विशाखा ट्रॅकपँटवर साडी गुंडाळून उभी राहिली. घरी आल्यावर धुरपदाबाईने साडी उलटी करून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अवं, हाऊ ते सेकंड माल शे! धागाबी कोनी कापेल नही!"

त्यानंतर राज्याच्या संघासाठी निवडीचे सामने झाले. विशाखाच्या संघाने बाहेरच्या एका जिल्ह्याला हरवलं. विशाखाने त्या दिवशी चढाईला आलेलीला उचलून रेषेबाहेर ठेवलं होतं. हरलेल्यांच्या मॅनेजरने तक्रार केली की डाव्या कोपऱ्यावर खेळते ती मुलगीच नाही. मुलांच्या सामन्यात असा एखादा दांडगा निघाला तर त्याला वाघ म्हणतात. मुलगी दांडगी निघाली की तिची तपासणी लागते. तक्रारीला शेपूटही जोडलं होतं, की कोपऱ्यावरच्या त्या दोघींचं ‘काहीतरी’ आहे.

चौकशीला महेंद्रभाई आले. संघटनेत काम करणारा साधा, शिष्टाचाराचा माणूस. लहानपण मराठी शेजारात गेलं होतं, म्हणून आपल्याला मराठी उत्तम कळतं असा त्यांचा समज. दुपारची वेळ होती. विशाखा आणि जागृती मैदानावर, काशीराम मिलमध्ये. धुरपदाबाईने गठ्ठा बाजूला सारला, चहा टाकला, बशीत बिस्किटं मांडली. महेंद्रभाईंना सरळ विचारायची लाज वाटत होती. ते आडून आडून विचारू लागले.

"बेन, छोकरी नानपणथी आवीज छे?"

लहानपणापासून अशीच आहे का? धुरपदाबाईला वाटलं, राज्याच्या संघात घ्यायचं तर घरची माहिती काढत असतील. मुलगी बघायला पाहुणे आले की आई काय करते? गुण सांगते. भाजी हिनेच केली, रुमाल हिनेच विणला. धुरपदाबाईच्या पोरीला रुमाल विणता येत नव्हता. तिने जे होतं ते सांगितलं, आणि छाती फुगवून सांगितलं.

"ल्हानपणपासून गडीच शे ती, भाऊ. मना घरना गडी! बाहुली कधी हातमा लिधी नही. पोरेसले पाडे."

"ने पेली जागृती?"

"ती तिनी जोडीदार! दोन्हीजणी एकच ताटमा जेवतस, एकच गोधडीमा झोपतस. एकीले सोडीसन दुसरी ऱ्हात नही."

महेंद्रभाईंनी चहा अर्धा ठेवला. धुरपदाबाईला वाटलं, साखर कमी पडली असेल. त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचवून ती परत आली आणि येता-येता चार घरांत सांगत आली की निवड झाल्यात जमा आहे.

आठवडा झाला नसेल, अपर्णा मॅडम स्कूटर गल्लीत उभी करून हेल्मेट न काढताच आत आल्या. दोन्ही पोरींची नावं संघातून उडाली होती. "धुरपदाबाई, तुम्ही काय बोलून बसलात त्यांच्यापाशी?"

"मी काय वाईट बोलनू, मॅडम? पोर चांगली खेळस असं सांगं."

"तुम्ही सांगितलंत की ती गडी आहे. त्यांनी ऐकलं, ती पुरुष आहे. आई स्वतः कबूल करते म्हणाले. आणि वर एका गोधडीत झोपतात, तेही तुम्हीच सांगितलंत."

धुरपदाबाई आधी हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. असला खुळा माणूस तिने पाहिला नव्हता. मग दुसरं वाक्य हळूहळू आत उतरलं आणि तिचं हसू गेलं. गोधडीचं ती कौतुकाने बोलली होती. त्याच गोष्टीला आता कुणीतरी नाव दिलं होतं, आणि ते नाव संघटनेच्या कार्यालयातून निघून मैदानावर, मैदानावरून नळावर येणार होतं. कविता नळावर हजर झालीच असणार.

दुसऱ्या दिवशी अपर्णा मॅडम तिला संघटनेच्या कार्यालयात घेऊन गेल्या. मुलीही आल्या, पण त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. गडी या शब्दाचा घोळ पाच मिनिटांत मिटला. मॅडमनी समजावलं, महेंद्रभाईंनी जीभ चावली. "अच्छा, अच्छा, प्लेयर! भूल थई गई, बेन." ते मनापासून ओशाळले होते. धुरपदाबाईला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात खुर्चीत बसलेले दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "अने पेली बीजी वात?" ती दुसरी गोष्ट, गोधडीची.

"त्या गोष्टीचा खेळाशी काय संबंध?" अपर्णा मॅडम ताडकन म्हणाल्या. "तक्रार तिच्या मुलगी असण्याबद्दल होती, ती मिटली. कुणाशी बोलता, कुणाच्या घरी झोपता, हे मुलांना कधी विचारलंत?"

"मॅडम, अमारे बीजी छोकरीओना माबापने जवाब आपवो पडे." इतर मुलींच्या आईबापांना उत्तर द्यावं लागतं, असं म्हणून ते धुरपदाबाईकडे वळले. "बेन, तमेज कीधुं हतुं ने?"

तमेज. तुम्हीच. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. काय बोलता आलं असतं? पोरी आहेत, जीव आहे एकमेकींवर, तुमचं काय घेतलं त्यांनी, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मॅडम पाठीशी होत्याच. नाव नसतं परत आलं, तर नसतं आलं. पण धुरपदाबाईला त्या क्षणी एकच दिसत होतं. आपल्याला एकदा साडी नेसवली आणि खेळ संपला, तसं विशाखाचं व्हायला नको. काहीही करून पोर मैदानावर राहिली पाहिजे. भ्यालेलं माणूस हाताला लागेल ते पुढे ढकलतं. तिच्या हाताला जागृती लागली.

"साहेब, मनी पोर साधी शे. ती जागृतीच तशी शे. तिनीच मनी पोरले नादी लायं. आते घरमा पाय ठेऊ देवाव नही तिले."

असला आवाज. लूमवरून जाणारा. लोटलेल्या दाराची काय कथा.

त्या बाहेर आल्या तेव्हा बाकावर विशाखा एकटीच होती. जागृती निघून गेली होती. विशाखाने आईकडे पाहिलं नाही. स्कूटरवर तिघी बसणार कशा म्हणून मॅडमनी तिला रिक्षाने जायला सांगितलं. "चालत जाते," एवढंच ती म्हणाली.

विशाखाचं नाव परत आलं. जागृतीचं आलं नाही. गोष्ट अहिऱ्यांच्या घरी पोहोचली, तशी बापाने जागृतीला धुळ्याला आत्याकडे धाडलं आणि पुढच्या लग्नसराईत उजवून टाकलं. पत्रिका सुरवाड्यांकडे आली नाही. येणार कशी? ज्या घरात ती पोर कळण्याची भाकरी खायची, त्याच घराने तिच्या पायाखालची पायरी काढून घेतली होती.

आणि विशाखा? ती भांडली असती तर बरं झालं असतं. आदळआपट केली असती, आईला चार शब्द सुनावले असते, तर धुरपदाबाईने दहा सुनावले असते आणि दोघी रडून मोकळ्या झाल्या असत्या. पण पोर भांडली नाही. आई म्हणाली केस वाढव, तिने वाढवले. आई म्हणाली कानात काहीतरी घाल, तिने घातलं. संघात गेली, राज्याचे सामने खेळली. अपर्णा मॅडमनी येऊन सांगितलं की हिच्या शेजारी दुसरी मुलगी दिली, पण विशाखा तिचा हात धरतच नाही, नुसती बोटं लावते, आणि चढाईला आलेल्या त्या दोघींमधून खुशाल निघून जातात. त्या मोसमानंतर तिने बूट माळ्यावर टाकले. जिच्यासाठी एवढं केलं, तेच राहिलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. धुरपदाबाईला त्यात हसू आलं नाही.

काशीराम त्या सगळ्या प्रकरणात एकदाच बोलला. मिलमधून आला, हातापायांचा रंग धुतला आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "तू पोरले वाचाडं खरं. पन कोनपासून?"

विशाखाने नंतर शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला आणि बारडोलीला एका शाळेत नोकरीला लागली. तिथेच खोली घेतली. सणावाराला यायची, आईला साडी आणायची, बापाच्या औषधांची विचारपूस करायची. कुणी नाव ठेवावं असं काही करायची नाही. लग्नाचा विषय काढला की "बघू" म्हणायची. शेजारणी म्हणायच्या, पोरगी किती शहाणी निघाली. धुरपदाबाई मान हलवायची. गल्लीत तिचा आवाज आता पूर्वीसारखा येत नसे. लोकांना वाटलं, वय झालं.

ऊस तोडणीच्या दिवसांत ती एकदा बारडोलीला गेली. शाळा सुटली होती. मैदानावर मुलींचा सराव चालू होता. विशाखा शिट्टी गळ्यात घालून उभी, लांब वेणी, पंजाबी ड्रेस. धुरपदाबाई कट्ट्यावर बसून बघत राहिली. एका बारक्या पोरीने कोपऱ्यावरून अशी झेप घेतली की तिच्या तोंडून आपसूक "धर तिले!" निघालं. पुष्कळ दिवसांनी निघालं. पोरीने वळून पाहिलं आणि हसली. तिचे केस मुलासारखे बारीक कापलेले होते.

सराव संपल्यावर त्या पोरीची आई आली. साखर कारखान्याच्या कॉलनीत राहणारी, विजया नावाची, नाशिककडची बाई. तिला काळजी होती. पोरीने केस कापून घेतलेत, एका मैत्रिणीशिवाय राहत नाही, हातात हात घालून फिरतात, कॉलनीत बायका काहीबाही बोलतात. मिस्टर म्हणतात खेळ बंद करू. "मॅडम, तुम्ही सांगा, काय करू? तुम्ही म्हणाल तसं करते."

पोर आईच्या मागे उभी राहून ऐकत होती. डोळे विशाखावर. धुरपदाबाईचेही डोळे विशाखावरच होते. तिला खात्री होती की आता ही सांगेल, राहू द्या दोघींना एकत्र. हिच्याएवढं हे कुणाला कळणार? हिच्या वेळी असं कुणी सांगितलं असतं तर! धुरपदाबाईने पदर सावरला.

विशाखा शांतपणे म्हणाली, "केस वाढवू द्या तिला. आणि त्या दोघींना मी वेगवेगळ्या संघांत टाकते. येण्याजाण्याच्या वेळाही वेगळ्या करा. थोड्या दिवसांत विसरतात. खेळ चालू राहील."

विजयाबाईचा जीव भांड्यात पडला. पोरीचा चेहरा उतरला. आणि धुरपदाबाईला कळलं की आपण कार्यालयात जे बोललो, ते विशाखाने पाठ करून ठेवलं आहे. बोलण्यात राग नाही, दुःख नाही. व्यवहार म्हणून, चांगलं म्हणून सांगते आहे. धुरपदाबाई कट्ट्यावरून उठली.

"नको वं, विशाखा. नको तोडू त्यासले. अवं बाई, तुमी ऐका मनं, मी सांगस तुमले—"

"आई." विशाखाने आवाज चढवला नाही. "तू नको बोलू. तू बोललीस की काय होतं, ते मला माहीत आहे."

विजयाबाईने एकदा धुरपदाबाईकडे, एकदा विशाखाकडे पाहिलं. पोर अजून धुरपदाबाईकडे बघत होती. मघाशी धर म्हणून ओरडलेली म्हातारी आता तरी काही म्हणेल, म्हणून वाट बघत होती. धुरपदाबाईचं तोंड उघडं होतं, वाक्य तयार होतं. लेकीने बजावलं होतं, आणि लेकीला तो हक्क होता. आयुष्यभर नको तिथे बोललेली ती बाई पुन्हा कट्ट्यावर बसली आणि गप्प राहिली. विजयाबाई पोरीला दंडाला धरून फाटकाबाहेर घेऊन गेली.